सात दारांच्या किल्ल्या

४ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "वहिनी, मोकळेपणानं बोलत का नाहीस?" आणि मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. आई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि दृष्टी गेल्यापासून आईंचे कान इतके तयार झालेत की भिंतीपलीकडे कुणी चहात साखर ढवळली तरी सांगतात, "आज पाहुणा आहे त्यांच्याकडे, चारदा चमचा वाजला." म्हणून हे पत्र. लिहिलेलं तेवढं त्यांना ऐकू जात नाही.

आमची इमारत विकली गेली. म्हातारा मालक गेला, त्याच्या मुलांनी कुठल्याशा कंपनीला देऊन टाकली. चिमणीनं शाळेतून आल्यावर दारावरची नोटीस वाचून सांगितलं. बारा वर्षांची पोर, आणि इथली सगळी सरकारी भाषा तिच्याच तोंडून आम्हाला कळते. नोटिशीत एवढंच आहे की मालक बदलला, काळजी नसावी. काळजी नसावी असं कुणी लिहिलं की मला पहिली काळजी लागते.

गल्ली तुम्ही पाहिली होती तशी राहिलेली नाही. समोरचा किराणावाला गेला. तिथे आता नुसत्या झाडांच्या कुंड्या विकतात. कोपऱ्यावरच्या जुन्या गोदामाला मोठाल्या काचा लावल्या, आत माणसं पाय वर घेऊन कॉम्प्युटरवर काम करतात. दारं सगळीकडे आकड्यांची. बटणं दाबली की उघडतात. त्यामुळे ह्यांच्याकडे किल्ल्या करायला येणारी माणसं कमी झाली. जिन्याखालच्या दुकानात हे कानस हातात घेऊन बसून असतात आणि आई शेजारी न कापलेल्या किल्ल्या चाचपून वेगळ्या करत असतात.

आईंना तुमच्याकडे पाठवायचं तुम्ही विचारलंत. वन्सं, राग मानू नका. त्यांनी डोळ्यांनी शेवटचं जे पाहिलं ते हे घर. हळूहळू दिसेनासं होत होतं तेव्हा त्यांनी रोज थोडं थोडं पाठ केलं. तिसऱ्या मजल्यावरून एकावन्न पायऱ्या, मग उजवीकडे दुकान. काठी घेत नाहीत. आणि त्यांच्याकडे काम आहे. इमारतीतल्या बाकीच्या सातही बिऱ्हाडांच्या जादा किल्ल्या आमच्या दारामागच्या फळीवर टांगलेल्या असतात. कुणी किल्ली विसरलं की वर येतं. एकाही किल्लीला चिठ्ठी नाही. चोर शिरला तरी त्याला कळू नये म्हणून आईंनीच लावू दिली नाही. कुठली कुणाची ते फक्त त्यांच्या बोटांना ठाऊक. ह्यांनाही नाही, ज्यांनी त्या कापल्या.

दुसऱ्या घरात त्या नुसत्या एक आंधळी म्हातारी होतील. इथे त्या तशा नाहीत. म्हणून त्यांना इथेच राहू द्या.

वहिनी

——

२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. पोस्टमनने आधी शेजारी दिलं, शेजारणीने उलटसुलट करून पाहिलं आणि मग मला विचारलं, "सगळं ठीक ना तिकडे?" आजकाल पत्र म्हणजे कुणीतरी गेलं असंच समजतात.

माझा धाकटा भाऊ कानस हातात घेऊन बसून असतो हे वाचून काही वाटलं नाही. तो लहानपणापासून काहीतरी हातात घेऊन बसूनच असतो. पण आईच्या बोटांचं वाचलं आणि माझं मला हसू आलं, मग रडू आलं. आमच्या घरी साखरेच्या कपाटाची किल्ली तिने माझ्या लग्नापर्यंत मला दिली नव्हती. कमरेला असायची. मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा स्वतः उठून साखर काढून द्यायची, किल्ली नाही.

मी तिला हट्टाने मागत नाहीये. इथे तळमजल्यावरची खोली रिकामी झाली आहे. आमच्याकडे ह्यांना आता निवृत्तीमुळे दिवसभर माझ्या मागे फिरण्याशिवाय काम नाही. आईला सोबत होईल. पण तू म्हणतेस ते मला पटतं. ती तिथे चालते, इथे तिला चालवावं लागेल.

फक्त एक सांग, आणि खरं सांग. त्या कंपनीने तुम्हाला काढलं तर? तुम्ही दोघं तरणीताठी आहात, चिमणी कुठेही रुळेल. आईला मात्र एक घर पाठ करायला कितीतरी वर्षं लागली. दुसरं पाठ करायला तिच्याकडे तेवढी वर्षं नाहीत. तशी वेळ आली तर मला शेवटच्या दिवशी कळवू नकोस. आधी कळव.

धाकट्याला म्हणावं, बहिणीला महिन्यातून एक फोन करायला बोटं झिजत नाहीत.

तुझी वन्सं

——

२० मार्च

वन्संना नमस्कार,

चांगली बातमी आहे, म्हणून लगेच लिहिते.

नव्या मालकांच्या ऑफिसातून एक बाई आल्या होत्या. हातात निळी फाइल, बूट बाहेर काढू का म्हणून विचारलं. अकरा वर्षांत वरच्या हुद्द्याच्या कुणी माणसानं आमच्या दारात हे विचारलं नव्हतं. चिमणी शाळेत होती, त्यामुळे त्यांच्या भाषेतलं मला निम्मंच कळलं, पण निम्म्यातही कळण्यासारखं होतं. इमारत दुरुस्त करणार. खाली कोपऱ्यावर नवे गाळे काढणार. जुन्या दुकानदारांचा आधी विचार होणार. हे बाहेर गेले होते, पण ह्यांचं दुकान पाहून म्हणाल्या, असं काम करणारं माणूस आजकाल मिळत नाही.

त्यांना पाइप तपासायचे होते. सगळी माणसं कामावर, बाजारात, दवाखान्यात गेलेली. जुन्या मालकाकडेही किल्ल्या नव्हत्या, कारण वर्षानुवर्षं लोकांनी आपापली कुलुपं ह्यांच्याकडूनच बदलून घेतली आहेत. मग आईंनी फळीवरच्या किल्ल्या काढून दिल्या. तासाभरात परत आणून दिल्या त्यांनी, साती, आणि आईंचा हात हातात घेऊन थँक्यू म्हणाल्या.

हे संध्याकाळी आले तेव्हा मी गाळ्याचं सांगितलं. किती दिवसांनी हसले. म्हणाले, आईची खुर्ची काचेजवळ ठेवू, ऊन येईल.

तेव्हा तुम्ही काळजी करू नका. आई इथेच राहतील.

वहिनी

——

११ एप्रिल

प्रिय वहिनी,

वाचून जीव भांड्यात पडला. मी तळमजल्याची खोली झाडून ठेवली होती, आता तिथे ह्यांनी आपली वर्तमानपत्रं रचायला घेतली आहेत. रचू देत.

बूट काढू का विचारणारी बाई मला आवडली. पण धाकट्याला म्हणावं, गाळ्याचं काय ते कागदावर घे. हसणं कागदावर उतरत नाही.

आणि एक विचारू? आईने किल्ल्या दिल्या? आपल्या आईने? कुणाला न विचारता, सात घरांच्या? मी दोनदा वाचलं ते. वय झालं म्हणायचं. की गोड बोलणाऱ्या माणसांपुढे सगळेच विरघळतात, कोण जाणे.

चिमणीला मोठा पापा.

तुझी वन्सं

——

२ जून

वन्सं,

तुमचे दोन फोन आले आणि दोन्ही वेळा मी चिमणीला उचलायला लावला. परीक्षा आहे, आई आंघोळीला गेलीय, असं तिने सांगितलं. तिला खोटं बोलायला मी शिकवलं. आता लिहिते.

मेच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या दारावर पाकिटं आली. एकेकाचं वेगळं. पहिल्या मजल्यावर रंगारी राहतो. त्याच्या करारात चार माणसं आहेत, पण काम सुटल्यापासून त्याचा भाऊ, भावजय आणि तान्हं बाळ त्याच्याचकडे आहेत. त्याच्या पाकिटात फोटो होता: जमिनीवर घातलेल्या तीन गाद्या आणि दोरीवर वाळत घातलेली बाळाची दुपटी. चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या पाकिटात त्यांच्या चार शिलाई मशिनांचा फोटो. घरात धंदा करायला मनाई आहे म्हणे. सातही जणांना काही ना काही. करार मोडला, तीन महिन्यांत खोली सोडा.

त्या दिवशी पाइप कुणी पाहिलेच नव्हते, वन्सं. बाईंबरोबर एक माणूस होता, त्याच्या गळ्यात कॅमेरा होता.

संध्याकाळी सगळे आमच्या दारात आले. कुणी ओरडलं नाही. रंगाऱ्याची बायको एवढंच म्हणाली, "आमची किल्ली तुमच्याशिवाय कुणाकडेच नव्हती." ह्यांना काही माहीतच नव्हतं. हे फळीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. तेवढ्यात पलंगावरून आई म्हणाल्या, "माझ्या हातून गेल्या. मला वाटलं पाण्याचं काम आहे."

आंधळ्या म्हातारीला काय बोलणार? शिंपीणबाईंनी फळीवरून आपली किल्ली काढायला हात घातला, पण त्यांना त्यांची ओळखू येईना. आईंनाच काढून द्यावी लागली. मग एकेकाची. रिकामी फळी मी दुसऱ्या दिवशी उतरवली.

तेव्हापासून दुकानात आईंजवळ कुणी बसायला येत नाही. पूर्वी जिन्यात पाऊल वाजलं की त्या हाक मारायच्या, "काय रंगारी, आज पिवळा का?" बुटांच्या आवाजावरून ओळखायच्या आणि रंगाचा अंदाज उगाच ठोकायच्या. तो हसायचा. आता पावलं येतात आणि पुढे जातात.

आम्हालाही पाकीट आलं. ऑगस्टअखेर. गाळ्याचं मी विचारायला गेले तर ऑफिसात ती बाई नव्हती, दुसरी होती, आणि कुठल्या गाळ्याबद्दल मी बोलतेय ते तिला कळेना.

रिकाम्या झालेल्या दोन खोल्यांची कुलुपं बदलायचं काम कंपनीनं ह्यांनाच दिलं. ह्यांनी केलं. वर आले, हात धुतले आणि जेवले नाहीत.

आई आता खाली उतरत नाहीत. पायऱ्या पाठ आहेत, पण उतरत नाहीत. तुम्ही आधी कळव म्हणाला होतात. मी उशिराच कळवतेय.

वहिनी

——

२४ जून

वहिनी,

मी रागावले आहे आणि कुणावर ते मलाच कळत नाहीये.

तुझ्यावर थोडी, कारण फोन चुकवलास. धाकट्यावर जास्त. घरात सात घरांची जोखीम आणि तिच्यावर नजर एका आंधळ्या बाईची? हा कुठला शहाणपणा? पण खरं सांगू, मला सगळ्यात वाईट आईचं वाटलं. ज्या बाईने पोटच्या मुलीला साखरेची किल्ली दिली नाही, तिने अनोळखी माणसाला सात घरं उघडून दिली. म्हणजे तिचं डोकं आता जाग्यावर राहिलेलं नाही. तुम्हाला रोजच्या सहवासात कळलं नसेल. असं हळूहळूच होतं म्हणतात.

इथल्या एका डॉक्टरांशी बोलले. स्मृतीचे आजार बघतात. त्यांनी ऑगस्टच्या पाच तारखेची वेळ दिली आहे. मी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येते आणि तिला घेऊन जाते. आता नाही म्हणू नकोस. तुम्हाला नवीन घर मिळेल तेव्हा मिळेल. आईला आता तसंही घर पाठ करता येणार नाही, तेव्हा कुठेही राहिली तर काय फरक पडतो? निदान नजरेखाली राहील.

तोवर तिच्या हातात काही देऊ नका. गॅस नाही, औषधं नाहीत, किल्ली तर नाहीच. तिचा आता भरवसा नाही.

मला वाईट वाटतंय हे लिहिताना, पण कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

तुझी वन्सं

——

९ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. "तिचा आता भरवसा नाही" हे वाक्य आईंबद्दल माझ्यामुळे लिहिलं गेलं. पुढचं सगळं एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा अर्धंच लिहीन.

किल्ल्या आईंनी दिल्या हे खरं आहे. पण मागितल्या मी.

फाइलवाली बाई दारात उभी होती. तिने गाळ्याचं म्हटलं, आणि मला काचेजवळची खुर्ची आधी दिसली, बाकी सगळं नंतर. ती म्हणाली, किल्ल्या मिळाल्या तर बरं होईल, तुमची मदत आम्ही लक्षात ठेवू. मी फळीपाशी गेले. सात किल्ल्या, सगळ्या सारख्या. मला एकही ओळखता येईना. आईंनी विचारलं, "कोण आलंय?" मी त्यांना म्हटलं, "रंगाऱ्याच्या खोलीत पाणी गळतंय. खालपर्यंत आलंय. कामावरून त्याचाच निरोप आलाय, त्याच्या आणि सगळ्यांच्या खोल्या उघडून बघायच्यात."

निरोप आला नव्हता. पाणी गळत नव्हतं. आई म्हणाल्या, "या किल्ल्या आपल्या नाहीत गं." मी म्हटलं, "आई, द्या ना." मग त्या उठल्या. एकेक चाचपून माझ्या हातात देत गेल्या. ही रंगाऱ्याची, ही शिंपिणीची, हिचा एक दात बोथट आहे ती समोरच्यांची. सात.

कॅमेरा मी पाहिला होता, वन्सं. कशासाठी ते विचारलं नाही.

मे महिन्यात सगळे दारात आले तेव्हा मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. आई माझ्या आधी बोलल्या, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्यानंतर दोन महिने मी ते तसंच राहू दिलं. इमारतीत, ह्यांच्यापुढे, तुमच्यापुढे.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी आईंपुढे बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पाणी गळत असतं तर मला ऐकू आलं नसतं होय?"

मी विचारलं, "मग दिल्यात का?"

त्या बोटांनी चादरीची शिवण सरळ करत राहिल्या. म्हणाल्या, "अकरा वर्षं तू माझं सगळं केलंस. डोळे जायच्या आधीचं, नंतरचं. कधी काही मागितलं नाहीस. पहिल्यांदा मागत होतीस. मला वाटलं, काहीतरी अडलं असेल हिचं." मग म्हणाल्या, "चुकलं ते दोघींचं. तू एकटीच मिरवू नकोस."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे दुकानात जाऊन सगळ्या न कापलेल्या किल्ल्या परत खोक्यांत भरत बसले. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याकडे सामान बांधणं चालू होतं. आई म्हणाल्या, "चल, मला घेऊन चल." कितीतरी दिवसांनी जिना उतरल्या, आणि माझा हात धरून. पूर्वी कधी धरला नव्हता. रंगाऱ्याच्या बायकोने दार उघडलं. कडेवर जावेचं बाळ होतं. मी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं, आईंनी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर त्यांचा हात दाबला. ती बाई ऐकत होती, बाळाला हलवत होती. माझं संपल्यावर तिने बाळ जावेकडे दिलं आणि आईंना म्हणाली, "आजी, या ना आत. बसायला गादी आहे एक, बाकी बांधलं." दंडाला धरून तिने त्यांना आत नेलं. दार लावलं नाही. मला या म्हणाली नाही.

मी जिन्यात उभी राहिले. आतून आईंचा आवाज येत होता. बाळाला दात आले का, नवी खोली कुठे आहे, दुकानं जवळ आहेत का असं विचारत होत्या. मग ती बाई रडली, आणि मग दोघी कशालातरी हसल्या. मला पूर्ण ऐकू आलं नाही. अर्धा तास मी तिथे होते. शिंपीणबाई वरून कापडाचे गठ्ठे घेऊन उतरल्या. त्यांनाही सांगितलं. त्यांनी ऐकलं, म्हणाल्या, "जरा बाजूला हो, मला जायचंय." मी बाजूला झाले.

शहराच्या टोकाला आम्हाला एक खोली मिळाली आहे. सातवा मजला, लिफ्ट. दुकान नाही. हे एका गोदामात कामाला लागतील. चिमणीची शाळा बदलेल.

मी आईंना म्हटलं, वन्सं तुम्हाला न्यायला येणार आहेत, पण तुमची इच्छा नसेल तर मी त्यांना नको म्हणून कळवते. तुम्ही आमच्याबरोबर चला, सातव्या मजल्यावर मी तुम्हाला रोज थोडं थोडं दाखवीन.

त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. म्हणाल्या, "लेकीकडे जाते. इथे राहिले तर तू रोज माझ्याकडे बघून रडशील. तुला वाटेल, म्हातारीला दिसत नाही."

तेव्हा वन्सं, तुम्ही या. त्या तयार आहेत. बॅग स्वतः भरतायत, मला हात लावू देत नाहीत. त्यांच्या खोलीतली वर्तमानपत्रं काढून घ्या, आणि पहिल्या दिवशी दारापासून पलंगापर्यंत त्यांना त्यांचं त्यांना चालू द्या. कुठे आपटतील, बसतील, पुन्हा उठतील. धरू नका. एखादं काम द्या, खरं काम. गॅस द्या, औषधं द्या, हवं तर घराची किल्लीसुद्धा द्या.

त्या डॉक्टरांची पाच तारखेची वेळ तेवढी रद्द करा.

वहिनी